आधी काय? महाराष्ट्रातील माता-बाल आरोग्याच्या अग्रक्रमांचा इतिहास

महाराष्ट्रात माता-बाल आरोग्याच्या कामाला संघटित रूप आले त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. एवढ्या काळात ‘आधी काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर कितीतरी वेळा बदलले. कधी स्त्री डॉक्टर हवी होती, कधी प्रसूतिगृह, कधी गिरणीतल्या बाईला रजा. पुढे नसबंदी आली, लस आली, पूरक आहार आला, आणि अगदी शेवटी झोपडीत जन्मलेल्या बाळाचे पहिले अठ्ठावीस दिवस. वैद्यकशास्त्र पुढे सरकले म्हणून हे बदल होत गेले, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. गरोदर बाईने पोटभर जेवावे, नाळ स्वच्छ हत्याराने कापावी, बाळ उबेत ठेवावे, यांतले काहीच अलीकडे सापडलेले नाही. अग्रक्रम बदलले ते मुख्यतः मृत्यू कोण मोजतो आणि कुठे उभे राहून मोजतो यावर.

दवाखाने येण्याआधीही कुटुंबाची स्वतःची यादी होतीच, आणि ती पक्की होती. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण, मग लेक माहेरी जायची. बाळंतिणीसाठी घरातली एक अंधारी, वारा न लागणारी खोली. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, तेल लावून मालिश, कढत पाण्याचे न्हाणे. खाण्यात डिंकाचे नि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा. बाळाला पहिल्या दिवसापासून मध किंवा गुळाचे पाणी, पुढे गुटी. आईच्या अंगावरचे पहिले घट्ट दूध, चीक, वाईट समजून पिळून टाकायचे. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाईची पूजा, कारण तीच कपाळावर नशीब लिहिते आणि तीच बाळाला नेते, असा समज. नवजात बाळाचा धनुर्वात नाळ कापल्यानंतर साधारण याच सुमाराला डोके वर काढतो. सटवाईची भीती अनुभवातून आली असावी. कारण मात्र विळ्याच्या पात्यावर आणि नाळेला लावलेल्या राखेत होते.

या यादीतल्या सगळ्याच गोष्टींना आज नावे ठेवता येत नाहीत. सव्वा महिना विश्रांती, माहेरची सोबत, पौष्टिक खाणे आणि उष्णता हे कोणत्याही काळातल्या डॉक्टरने मान्य करावे असे होते. पण हा सारा थाट बऱ्या परिस्थितीतल्या घरांचा. शेतमजुराची बाई आठवड्याभरात पुन्हा निंदणीला जात असे. सोयर पाळले जात असल्याने बाळंतपणाचे काम विटाळाचे ठरले होते. ते करणारी सुईण बहुधा खालच्या मानलेल्या जातीची, म्हातारी, हाताला अनुभव असलेली पण कुणी कधी काही न शिकवलेली. तिला मिळायचे धान्य, लुगडे, नारळ. बाळंतपण अडले तर पुढे कुणाकडे जायचे याला या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

हा प्रश्न सार्वजनिक झाला तो १८८० नंतर, आणि त्याचे पहिले उत्तर होते स्त्री डॉक्टर. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी या देशातल्या बायकांसाठी स्त्री वैद्य तयार करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपण वैद्यक का शिकणार याचे कारण तेच सांगितले: पुरुष डॉक्टरपुढे बाई बोलत नाही. आनंदीबाईंचा स्वतःचा मुलगा जन्मल्यावर अवघ्या दहा दिवसांत गेला होता. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले.

मुंबईत याच सुमाराला जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. इंग्लंडहून एडिथ पीची आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्रियांसाठी, स्त्रियांनी चालवलेले. त्याच्या आदल्या वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी आपला निधी स्थापन केला होता आणि देशभर डफरिन रुग्णालये निघू लागली. या सगळ्यामागचा समज असा, की बायका मरतात कारण पडद्यामुळे त्या पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत. पडदा पाळणाऱ्या घरांपुरते ते खरेही होते. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुणबी, माळी, महार, कोळी बायकांना पडदा नव्हता. त्यांना जवळपास दवाखानाच नव्हता. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला तेव्हा लक्ष पहिल्यांदा सुइणीकडे वळले; तेही बहुधा तिला दोषी धरून. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने (१९०९) विधवांना नर्सिंग शिकवायला घेतले, तेव्हा विटाळाचे काम पांढरपेशा घरातल्या बाईने करायचे नसते या कल्पनेलाच पहिला धक्का बसला.

मोजण्याला सुरुवात झाली ती मुंबईच्या गिरणगावात. महापालिकेचे आरोग्य खाते जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवत होते आणि १९२१ साली शहराचा नोंदलेला बालमृत्युदर हजारी सहाशेच्या वर गेला. आकडा भयंकर खराच, पण त्यात एक मेख होती. पहिलटकरणी बाळंतपणाला गावी जात, म्हणजे जन्म नोंदला जायचा रत्नागिरीत किंवा साताऱ्यात. आई दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन चाळीत परतायची आणि बाळ दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. माहेरच्या रीतीने शहराचा दर फुगवला होता. तरीही महापालिकेचे अहवाल दरवर्षी एक गोष्ट सांगत राहिले: जितक्या कमी खोल्यांत कुटुंब राहते तितकी बाळे जास्त मरतात. एका खोलीतल्या बिऱ्हाडांची अवस्था सर्वांत वाईट. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. आई दहा तास साच्यावर उभी असताना बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ दिली जात असल्याचे त्यांना जवळपास घरोघरी आढळले.

अफू देणारी आई अडाणी आहे, असा याचा एक अर्थ लावता येत होता आणि अनेकांनी तो लावला. १९२४ मध्ये लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर ‘बेबी वीक’ साजरा झाला: प्रदर्शने, तक्ते, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा, स्वच्छतेवर व्याख्याने. आरोग्यप्रसाराची ही पहिली मोठी लाट. उपदेश सगळा आईला, आणि जिला ऐकायचा ती पाळीवर गेलेली. दुसरा अर्थ कामगार चळवळीने लावला. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात रा. शि. आसवले यांनी तसेच विधेयक आणले आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तिचा खर्च सोसणे रास्त आहे, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. १९२९ चा मुंबई प्रसूती-लाभ कायदा हा अशा प्रकारचा देशातला पहिला. दिवसाला आठ आणे, काही आठवडे. रक्कम लहान होती आणि बोजा एकट्या मालकावर असल्याने काही गिरण्या विवाहित बायकांना घ्यायला कांकू करू लागल्या. तरी एक गोष्ट या कायद्याने नोंदवली, की आईच्या आरोग्यासाठी कधीकधी औषधाआधी मजुरी द्यावी लागते. हा मुद्दा पुढे दीर्घकाळ बाजूला पडला.

याच गिरणगावातून एक शोध जगभर गेला. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये एक विलक्षण पांडुरोग दिसत होता: रक्तपेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. डॉ. मार्गारेट बॅल्फर मातामृत्यूंची चौकशी करत होत्या. त्या कामासाठी १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज रक्तशास्त्रज्ञ मुंबईत आल्या. त्यांनी आधी जंतूचा संशय घेऊन पाहिला आणि मग मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. कोणत्या जमातीच्या, किती मिळकतीच्या घरात काय शिजते, याच्या नोंदी घेतल्यावर दिसले की ताजी भाजी, फळे, दूध ज्यांच्या ताटात येत नाही त्यांच्यातच हा रोग ठाण मांडून आहे. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. त्यांत मार्माइट हा यीस्टपासून केलेला स्वस्त पदार्थ दिल्यावर सुधारणा दिसली. मग तो रुग्ण बायकांना दिला गेला आणि त्यांचे रक्त सुधारले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधला तो अज्ञात घटक बरीच वर्षे विल्स यांच्याच नावाने ओळखला गेला. पुढे त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात सुरू व्हायला मात्र १९७० उजाडले. परळमध्ये लागलेला शोध परळच्या बायकांपर्यंत सरकारी गोळीच्या रूपाने पोहोचायला चार दशके गेली, आणि ताटात भाजी-दूध कसे येईल हा मूळ प्रश्न त्या गोळीने सुटला नाही तो नाहीच.

रुग्णालयेही या काळात वाढली. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चे, शेजारचे मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ चे. दोन्ही गिरणी कामगारांच्या वस्तीत मुद्दाम काढलेली. कामा रुग्णालयाची सूत्रे १९२८ ते १९४७ डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे होती. मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचा त्यांनी केलेला अभ्यास हा एकेका मृत्यूमागे जाऊन कारण शोधण्याचा या शहरातला सुरुवातीचा प्रयत्न होता. तिकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वारंवारच्या बाळंतपणांनी बाई खंगते, तेव्हा मूल कधी व्हावे हे तिने ठरवावे, ही कर्व्यांची भूमिका. त्यासाठी त्यांनी नोकरी घालवली, खटले सोसले. पुढे संततिनियमन सरकारी कार्यक्रमाच्या अग्रभागी आले, तेव्हा त्यातली ‘तिने ठरवावे’ ही बाजूच नेमकी गळून पडली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने (१९४६) देशाचा हिशेब मांडला. १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात हजारी १६२ बालमृत्यू, आणि गरोदरपण-बाळंतपणाने दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रियांचे मृत्यू. उपाय म्हणून समितीने गावागावांत पोहोचणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची उतरंड सुचवली. केंद्रे निघाली, परिचारिका-सुइणी नेमल्या गेल्या. पण १९६० च्या दशकात लोकसंख्यावाढीची धास्ती दिल्लीपासून तालुक्यापर्यंत पसरली आणि आरोग्य केंद्राचे मोजमाप एकाच आकड्यावर आले: शस्त्रक्रिया किती? महाराष्ट्र या शर्यतीत पुढे होता. मुंबईत रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची शिबिरे भरत. आणीबाणीत, १९७६ मध्ये, राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीनंतर पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेरच पडले आणि सारा भार बायकांच्या टाक्याच्या शस्त्रक्रियेवर आला. नर्सबाई दारात आल्या की ‘केस’साठी आल्या, असे गावाला कळे. त्यांच्या नोंदवहीत पात्र जोडप्यांची यादी अद्ययावत असे. गेल्या महिन्यात वस्तीवर किती बाळे गेली याचा रकाना कोराच राही. ही लक्ष्ये अधिकृतपणे मागे घेतली गेली ती लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये. कुटुंबांचा नर्सबाईवरचा विश्वास परत मिळवायला त्याहून जास्त काळ लागला.

लक्ष्यांच्या याच काळात नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात वेगळीच यादी तयार होत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. बालमृत्यू कमी करायचे हा त्यांचा हेतू, आणि तिथे हजारी पावणेदोनशेच्या आसपास बालके जात होती. पण गावकऱ्यांशी बोलणी झाली तेव्हा लोकांनी आजाराचे नावच काढले नाही. पाणी द्या, खायला द्या, असे ते म्हणाले. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. आरोळ्यांनी डॉक्टरी बाजूला ठेवून कूपनलिका खोदायला घेतल्या आणि त्यांतल्या कित्येक दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवे तर सवर्णांनी तिथे यावे लागेल, हे त्यात आपोआपच आले. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. स्वच्छ पाणी आणि पोटात अन्न म्हटल्यावर हगवण कमी झाली, म्हणजे डॉक्टरांच्या यादीतले पहिले काम गावाच्या यादीतून साधले.

शिकलेल्या नर्सेस गावात राहायला तयार होत नव्हत्या, राहिल्या तरी त्यांचे कुणी ऐकत नव्हते. मग गावातलीच बाई निवडून शिकवायची, असे ठरले. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत, एकाच गोधडीत झोपत आणि परत जाऊन गावात सांगत. मुलाचे वजन घेणे, मीठ-साखर-पाणी पाजणे, गरोदर बाई तपासून धोका ओळखणे, स्वच्छ बाळंतपण करणे ही कामे या ग्राम आरोग्य सेविका करू लागल्या. सुईण आणि सासू या दोघींना टाळून काही होत नाही, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा आधी कळत होते. सुनेने गरोदरपणी जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशी सासूची समजूत असे. ती तक्त्याने गेली नाही. शेजारच्या घरात नीट जेवलेली सून सुखरूप मोकळी झालेली दिसली तेव्हा ती सुटू लागली. काही वर्षांतच जामखेडचा बालमृत्युदर झपाट्याने उतरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातल्या लोकाधारित आरोग्यसेवांवर पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण होते; प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा आटा परिषदेपूर्वीच्या चर्चेत या प्रयोगाचा वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यात वढूला डॉ. बानू कोयाजी आणि ठाणे जिल्ह्यात कासा येथे डॉ. पी. एम. शहा हेही याच सुमारास गावातल्या बायकांच्या हाती वजनकाटा देत होते.

सरकारी बाजूनेही पोषण हा विषय पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ चा, सार्वत्रिक लसीकरण १९८५ चे. यांतली सर्वांत निर्विवाद कमाई धनुर्वाताची. गरोदरपणी आईला दोन इंजेक्शने आणि दाईला पाच स्वच्छतांचा धडा: हात, जागा, पाते, दोरा, नाळ. एवढ्यावर सटवाईच्या नावावर जमा होणारे मृत्यू घटत गेले. २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण अंगणवाडी असूनही मुले मरत होती. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि लगोलग मेळघाट येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आणली. मात्र दर पावसाळ्यात वाद एकाच मुद्द्यावर अडे: मृत्यू कुपोषणाने झाले की आजाराने? उपाशी मूल न्यूमोनियाने मरते आणि नोंदवहीत न्यूमोनिया लिहिला जातो, एवढी साधी गोष्ट विधानसभेत वर्षानुवर्षे वादाची राहिली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास काम करू लागले. त्यांची सुरुवात सिकलसेलच्या संशोधनाने झाली. रोग आढळला, शासनाने दखलही घेतली; पण लोकांना त्यात रस नव्हता, कारण त्यांच्या लेखी ती अडचणच नव्हती. मग लोकांना आधी विचारायचे असे ठरले. बायकांनी सांगितले की अंगावरून पांढरे जाते, पाळीच्या तक्रारी आहेत, आणि हे कुणाला सांगता येत नाही. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे आकडे छापून आले, तेव्हा गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असते हे कुटुंब नियोजनाच्या जगाला ऐकून घ्यावे लागले.

मुलांच्या मृत्यूंमध्ये आधी न्यूमोनिया पुढे आला. तो ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि दायांना तर एवढे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी तयार झाली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्या मुलाची वेगळी. न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, तरी वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा मोठा हिस्सा पहिल्या महिन्यातच जात होता. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी झाली. ९५ टक्के बाळे घरी जन्मलेली, ४२ टक्के कमी वजनाची, निम्म्याहून अधिकांना उपचार लागेल असा आजार. आणि दवाखान्यात नेली गेली होती शंभरात जेमतेम तीन. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचे नाही, ही रीत. मग दवाखानाच घरात न्यायचा ठरला. गावातली थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. तिच्या पिशवीत वजनाचा काटा, थर्मामीटर, श्वास सुरू करून देणारी पिशवी, बाळाला गुंडाळायची उबदार झोळी आणि जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनचे इंजेक्शन. सुई गावच्या बाईच्या हाती द्यायला अनेक डॉक्टरांचा विरोध होता. तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या इतर भागांतही सरकारी नोंदींपेक्षा बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखवले, आणि शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली.

शहरातही लक्ष पहिल्या दिवसांकडे वळत होते. शीव रुग्णालयाच्या नवजात कक्षात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि पावडरचे दूध हद्दपार केले आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एकेकाळी पिळून टाकला जाणारा चीक आता जंतुसंसर्गावरचा उपाय म्हणून मोजूनमापून दिला जाऊ लागला. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आहार नोंदला. सरासरी जेमतेम ४२ किलो वजनाच्या आया, २.७ किलोच्या आसपासची बाळे, शेतातले कष्ट शेवटच्या महिन्यांपर्यंत चालूच. आणि हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या खाण्यात अधिक त्यांची बाळे मोठी. साठ वर्षांपूर्वी गिरणगावात घेतलेल्या नोंदींचीच ही ग्रामीण आवृत्ती म्हणावी.

२००५ हे वर्ष सरकारी धोरणात वळणाचे. त्या वर्षी जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती नेमायचे ठरले, आणि औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. मिशनने गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला, आणि अंगणवाड्यांना कुपोषित मुले लपवण्याऐवजी शोधून काढायला सांगितले. हे दुसरे काम अधिक कठीण होते, कारण आकडा वाढला की शिक्षा होते ही यंत्रणेची जुनी शिकवण. गडचिरोलीचा घरपोच नवजात सेवेचा नमुना २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळालाही आशाने सहा वेळा घरी जाऊन पाहायचे असे ठरले. २०१५ मध्ये आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. अंगणवाडीतून मिळणारे पुडीतले पीठ घरी गेले की ते सगळ्यांत वाटले जाते आणि सून शेवटी जेवते, हे उशिरा का होईना लक्षात आले होते.

आकडे आता पुष्कळ सुधारले आहेत. राज्यातला बालमृत्युदर २०२० मध्ये हजारी १६ वर आला, मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये लाखामागे ३३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात, आणि चारांतले एक सिझेरियनने. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३४ होते. गरोदर स्त्रियांपैकी ४६ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त. बाई बाळंतपणातून वाचते, बाळही वाचते. त्यांच्या पोटात काय जाते हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. या पुढच्या कामाचा मोठा भाग पुन्हा घरातच करायचा असल्याने २०१८ पासून आशांच्या गृहभेटी बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत वाढवण्यात आल्या. उंबऱ्यावर जाऊन वजन घेणारी, मृत्यू नोंदणारी आणि सासूला समजावणारी ही बाई सरकारी कर्मचारी नाही. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे, आणि तिला वेतन मिळत नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो.